मधल्या घळीतला हिवाळा

मासिके
२० जानेवारी १९९८

हागा तेत्सुरोसान,

आपली ओळख नाही. मी इकुमाची आई, कुदो फुसाए. तुमचं नाव मात्र गेली सहा वर्षं माझ्या घरात इतकं ऐकू यायचं की मला त्याचा रागच यायला लागला होता. 'उस्ताद असं म्हणाले, उस्तादांनी बर्फावर घसरायच्या फळीला असा बाक दिला.' शेजारीण विचारायची, मुलगा काय करतो? मी म्हणायचे, डोंगरात दुसरा बाप करून बसलाय.

काल पोलिसांचा निरोप आला. वरून आणखी बर्फ कोसळायची भीती आहे, म्हणून शोध थांबवलाय. आता वितळला की बघू, असं म्हणाले. म्हणजे मे महिना. माझा मुलगा तोवर तिथंच बर्फाखाली राहणार.

माझा नवरा समुद्रात गेला तेव्हा इकुमा चार वर्षांचा होता. समुद्रानं त्याला परत दिलं नाही. मी रिकाम्या पेटीचे अंत्यसंस्कार केलेत, ते काय असतं मला ठाऊक आहे. पुन्हा ते करणार नाही. देव्हाऱ्यात इकुमाचा फोटो मी अजून ठेवलेला नाही, नातेवाईक नावं ठेवतात तरी.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. तुम्ही त्याला शोधताय का? आणि लिफ्टनं वर जाऊन दिवसभर घसरता येतं, तर तुम्ही लोक सकाळभर चढून एकदाच खाली का येता? दुसऱ्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

कुदो फुसाए

•

ओतोसावा
२८ जानेवारी १९९८

कुदोसान,

आमच्याकडे बर्फ खिडकीच्या वर गेलाय, कारखान्यात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. मला लाकूड तासता येतं, शब्द नाही.

हो, शोधतोय. दर रविवारी या भागातले सगळे फळीवाले येतात. ओळीनं उभं राहायचं, लांब सळई बर्फात खाली घालायची, एक पाऊल पुढं, पुन्हा घालायची. पोलिसांना हे पसंत नाही, पण ते बघून न बघितल्यासारखं करतात. मधल्या घळीत यंदा कुणी फळी लावणार नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कुणी सांगितलं नाही, कागदावर लिहिलं नाही. एवढा बर्फ बऱ्याच वर्षांत पडला नव्हता, आणि ती घळ कोरीच राहील.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. मी, इकुमा आणि चिनात्सु. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण दोघं भावंडांसारखी भांडायची. नव्या वर्षाची पहिली उतरण आमच्यात सर्वांत धाकट्याची. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांनी बघून घ्या, शिकून घ्या." एक जण उतरतो तेव्हा बाकीच्यांनी नजर हलवायची नाही, हा आमचा नियम. आम्ही बघतच होतो. त्यानं चार सुंदर वळणं घेतली आणि पाचव्या वळणाला अख्खा उतारच सुटला. आम्ही अंधार पडेपर्यंत उकरत होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. इकुमाला मी एकदा तेच विचारलं होतं. म्हणाला, "चढताना तुम्ही गप्प असता ना उस्ताद, ते मला आवडतं."

त्याला घेतल्याशिवाय मी डोंगर सोडणार नाही.

हागा तेत्सुरो

•

मासिके
१४ फेब्रुवारी १९९८

हागासान,

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. 'म्हाताऱ्यांनी शिकून घ्या' हे तो नक्की म्हणाला असणार. मला स्वयंपाकघरात असंच म्हणायचा, आणि वर अंडं जाळून ठेवायचा.

सोबत कोबी-मुळ्यात मुरवलेल्या हेरिंगची बरणी पाठवतेय. रविवारी येणाऱ्या सगळ्यांना द्या. मी हेरिंगच्या शेडमध्येच काम करते, तेव्हा मासा चांगला आहे, शंका नको. इकुमा भाताबरोबर अर्धी बरणी एका बैठकीला संपवायचा. यंदा नव्या वर्षालाही तेच केलं.

त्या तीन दिवसांचं तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू? येताना त्यानं माझ्या रेडिओसाठी पिशवीभर सेल आणले. म्हणाला, उस्तादांच्या कारखान्यातले आहेत, अर्धे वापरलेले. मी म्हटलं, वा रे वा, आईला उष्टे सेल! रेडिओ लावला तर आवाज कण्हल्यासारखा. नव्या वर्षाची गाणी लागलेली आणि ऐकू काही येईना. सकाळी तो स्नानघरात गेला होता, तेव्हा त्याच्या पिशवीत ती पट्ट्याची डबी दिसली, लाल दिवा मिचकावणारी. आल्या दिवशी मी विचारलं होतं, हे काय रे? तर म्हणाला, थंडी मोजायचं यंत्र. थंडी मोजायला नवे कोरे सेल कशाला हवेत? मी डबीतले सेल काढून रेडिओत घातले आणि त्यानं आणलेले डबीत. दिवा पुन्हा मिचकावायला लागला, म्हणजे काही बिघडलं नाही. त्याला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर हसला असता.

रेडिओ अजून मस्त वाजतो. सकाळी हवामान सांगतो तेव्हा मला वाटतं, पोरगाच ओट्याशी उभा राहून बोलतोय. वेडी म्हणा हवं तर.

बरणी पोचली की कळवा.

फुसाए

•

ओतोसावा
१० मार्च १९९८

चिनात्सु,

हिरोसाकीला काकाच्या बागेत सफरचंदाच्या फांद्या छाटत बसलीयस असं कळलं. इथून जाताना म्हणालीस, आता बीकन हातात धरणार नाही. त्या दिवशी त्याला शोधायला तू तुझं बीकन ऐकण्यावर लावून घळभर धावत होतीस आणि इकुमाच्या बीकनचा आवाज एकदाही आला नाही. तेव्हापासून तू धरून बसलीयस की चूक तुझी, तुला शोधता आलं नाही.

चूक तुझी नव्हती. त्याचं बीकन मुकं झालं होतं.

वर्षाखेरीच्या झाडलोटीला आपण सगळ्यांच्या बीकनमध्ये नवे सेल घालतो आणि अर्धवट वापरलेले घरोघरच्या रेडिओ-घड्याळांना देतो. इकुमा त्यातले आईसाठी घेऊन गेला. ते रेडिओत नीट चालेनात, म्हणून आईनं ते त्याच्या बीकनमध्ये घातले आणि बीकनमधले नवे रेडिओत. यंत्र कसलं आहे तिला ठाऊक नव्हतं. काळजी करील म्हणून यानं तिला थंडी मोजायचं यंत्र असं सांगितलेलं. हे सगळं तिनंच मला लिहिलंय. मुलाची एक गोड आठवण म्हणून लिहिलंय, चिनात्सु. त्या ओळी मी वाचल्या आणि बाहेर जाऊन फावड्यानं बर्फ उपसत राहिलो. उपसायला जागा उरली नाही तेव्हा घरात आलो.

पायथ्याशी मी तपासलं तेव्हा त्याचं बीकन बोलत होतं. इकुमालाही वाटलं, परवाच तर नवे घातलेत, तपासायचं काय! चढेपर्यंतच्या थंडीत ते मेले.

हे तुला सांगितलं कारण तुला मोकळं करायचंय. आता माझं एक काम कर. मे महिन्यात ये. त्याला बाहेर काढताना बीकनमधले सेल तू काढून घे आणि कुणाला काही बोलू नकोस. त्या बाईला हे कधीच कळता कामा नये.

तेत्सुरो

•

हिरोसाकी
१९ मार्च १९९८

उस्ताद,

पत्र वाचून मी शिडीवरच बसून रडले. काकाला वाटलं, हात कापला.

दोन महिने मी झोपले नाहीये. तुम्ही मला मोकळं केलंत, त्यासाठी तुमच्या पाया पडते. पण तुम्ही जे मागताय ते मला पटत नाही, स्पष्ट सांगते. इकुमानं आईला काळजी नको म्हणून खोटं सांगितलं, आणि त्यातूनच हे झालं. आता तुम्हीही तिला काळजी नको म्हणून खोटं सांगणार! आपण लोक डोंगरात एकमेकांशी किती खरं बोलतो. भीती वाटली तर वाटली म्हणतो, परत फिरायचं तर फिरतो, कुणी हसत नाही. आणि घरी गेलो की सगळे लबाड.

उद्या तिनं विचारलं, वेळेवर सापडला का नाही, तर काय सांगाल? ती मूर्ख नाही. सेल बदलल्याचं इतकं बारकाईनं लिहिणारी बाई आहे ती.

मे महिन्यात येईन. सेल काढीन. इकुमासाठी काढीन, तुमच्यासाठी नाही.

चिनात्सु

•

मासिके
२५ मार्च १९९८

हागासान,

बरणी पोचली नाही का? की पोचून फुटली? की मासा आवडला नाही? पोस्टात दोनदा चौकशी केली, पोचली म्हणतात.

मी काही वेडंवाकडं लिहिलं असेल तर माफ करा. तुमचं पत्र आलं की माझा आठवडा बरा जातो. एवढं सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

फुसाए

•

ओतोसावा
३१ मार्च १९९८

कुदोसान,

बरणी पोचली. रविवारी बर्फात बसूनच संपवली, शेवटच्या तुकड्यावरून दोन टोणगे भांडले. उत्तराला उशीर झाला, माझा आळस. तुमच्या लिहिण्यात वेडंवाकडं काही नव्हतं.

घळीत आता वरचा थर दुपारी ओला होतो. थोडं थांबा.

हागा

•

मासिके
२ जून १९९८

हागासान,

अंत्यसंस्कार झाले. फोटो देव्हाऱ्यात ठेवला. माझा मुलगा मला परत मिळाला, तो तुमच्यामुळे. सापडला त्या दिवशी घळीखालच्या ओढ्याकाठी तुम्ही त्याच्या केसांतला बर्फ स्वतःच्या बोटांनी काढत होता, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, पुरुषमाणूस, डोळे लपवतोय.

काल पोलिसांनी त्याच्या वस्तू दिल्या. त्यात ती पट्ट्याची डबी होती. सेल नव्हते. मी म्हटलं, हे त्याचं थंडी मोजायचं यंत्र. तो तरुण पोलीस चांगल्या मनाचा होता. म्हणाला, नाही काकू, हे बीकन. माणूस गाडला गेला की याच्या आवाजावर शोधतात. पुष्कळ वेळा जिवंत सापडतात. सेल त्या मुलीनं तिथंच काढून घेतले, असंही म्हणाला.

फेब्रुवारीत मी तुम्हाला काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. तुम्हालाही आठवत असणार.

घास गिळवत नाही. शेडमध्ये सुरी हातात असते आणि मी नुसती उभी असते. मला खरं सांगा. त्याच्या बीकनमधून आवाज आला नाही का? मी केलं का हे? मीच माझ्या मुलाला मारलं का?

लवकर लिहा. गोड करून लिहू नका.

फुसाए

•

ओतोसावा
५ जून १९९८

कुदोसान,

गोड करून लिहीत नाही.

आवाज आला नाही हे खरं आहे. पण त्यात सेलचा दोष नव्हता. चिनात्सुनं काढून मला दिले तेव्हा त्यांत जीव होता. ते माझ्या टॉर्चमध्ये आहेत आणि टॉर्च पेटतो. या यंत्राला सेल फार कमी लागतात, अर्धवट वापरलेलेही हिवाळाभर पुरतात.

बीकन दोन तऱ्हेनं चालतं. बोलण्यावर ठेवलं की आवाज सोडतं आणि ऐकण्यावर ठेवलं की दुसऱ्याचा आवाज शोधतं. डोंगरात असेपर्यंत ते प्रत्येकाच्या अंगावर बोलत राहिलं पाहिजे. पायथ्याशी सगळ्यांची यंत्रं मी तपासतो, ते माझं काम. त्या सकाळी इकुमाचं यंत्र मी हातात घेतलं, दोन्हीकडे फिरवून पाहिलं, आणि त्याच्या गळ्यात परत घातलं ते ऐकण्यावर ठेवूनच. पुन्हा बोलण्यावर फिरवायला विसरलो. थंडी होती, मला निघायची घाई होती. त्यानं बघितलं नाही, कारण मी तपासलं म्हणजे झालं, असं त्याला वाटायचं.

तो बर्फाखाली होता आणि त्याचं यंत्र आमचं ऐकत होतं.

हे मला जानेवारीतच कळलं होतं. तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही. तुमच्या बरणीची पोच द्यायला इतके दिवस का लागले, आणि ओढ्याकाठी मी तुमच्याकडे का बघत नव्हतो, ते आता कळलं असेल. तुम्ही रेडिओत कुठलेही सेल घातले असतेत तरी त्या दिवशी हेच झालं असतं.

माफी मागत नाही. मागण्यासारखं नाही.

हागा तेत्सुरो

•

मासिके
९ जून १९९८

हागा,

माझी बरणी परत पाठवा. तुमच्यासारख्या माणसाला माझ्या हातचं खायला घातलं याची मला शिसारी येते.

त्याला तुम्ही हात लावलात, माझ्यासमोर. माझे आभार ऐकून घेतलेत. बाप मानायचा तुम्हाला तो! रविवारी येणाऱ्या तुमच्या त्या सगळ्या लोकांना मी कळवणार आहे. पुन्हा कुणाच्या पोराला घेऊन डोंगरात जायची तुमची हिंमत होता कामा नये.

पुन्हा लिहू नका.

कुदो फुसाए

•

हिरोसाकी
२९ नोव्हेंबर १९९८

उस्ताद,

तुम्ही नको म्हणालात तरी मी मासिकेला जाऊन आले. आधी सगळं ऐकून घ्या, मग ओरडा.

ऑक्टोबरमध्ये सप्पोरोत एका दुकानात गेले होते. तुमची एक फळी भिंतीला टेकवून ठेवलेली. दोन पोरं आली. एकानं तिच्यावरून हात फिरवला, तर दुसरा म्हणतो, "नको रे, ही त्या हागाची. त्याला साधं बीकन लावता येत नाही, माणूस मारला त्यानं." मी त्याची कॉलर धरली. दुकानदारानं मला बाहेर काढलं. बाहेर उभी राहून ठरवलं, आता पुरे. तुम्ही कारखान्याला कुलूप लावून खोकत बसायचं, पायथ्याशी तपासायला दुसरा माणूस नेमला जायचा, आणि आम्ही तोंड शिवून राहायचं? तिला सांगायचंच.

दार तिनंच उघडलं. ओढ्याकाठी बघितली होती त्यापेक्षा अंगानं भरलीय. मला लगेच ओळखलं.

"तूच ना, जिनं त्याला उकरून काढलं? ये. बूट तिथं काढ. किती वाळलीयस गं! जेवलीस?"

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी खा. भुकेल्या पोटी माणूस नको ते बोलतो."

भात वाढला, मासा वाढला. देव्हाऱ्यात इकुमा हसत होता, पुढ्यात जळलेलं अंडं ठेवलेलं. मुद्दाम जाळते, म्हणाली. मी घास घेतला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"तुला म्हणून सांगते. जूनमध्ये मी रोज पहाटे धक्क्यावर जाऊन उभी राहायचे. अगदी कडेला. खाली त्याचा बाप आहे, म्हटलं, दोन पावलांचं तर काम. मला वाटत होतं, मीच मारलं पोराला. सेल बदलले होते ना मी त्याचे. मग त्या मेल्या हागाचं पत्र आलं. अगं, इतका राग आला, इतका राग आला, की मला भूक लागली! कितीतरी दिवसांनी भात लावला. पातेलंभर खाल्ला, रडत रडत, त्याला शिव्या देत. तेव्हापासून जेवतेय."

मी हातातला वाडगा खाली ठेवला.

"आणि तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही काकू," मी म्हटलं. "मासा छान मुरलाय."

"मुरणारच," ती म्हणाली आणि आणखी वाढला.

निघताना तिनं तुमची चौकशी केली. म्हणजे, 'तो अजून जिवंत आहे का' असं विचारलं. मी म्हटलं, आहे, पण बरा नाही, खोकला जात नाही, फळ्या करायचं सोडलंय, डॉक्टरकडे जात नाही. एवढंच खरं बोलता आलं मला.

तुम्ही जिंकलात. मला याचा आनंद नाही. डिसेंबरमध्ये मी ओतोसावाला येतेय. डोंगरात दुसरं कुणी तुमच्याबरोबर येत नसेल, तर मी येईन. पायथ्याशी माझं बीकन तुम्हीच तपासायचं.

चिनात्सु

•

मासिके
५ जानेवारी १९९९

हागा,

पुन्हा लिहू नका म्हटलं होतं, तुम्ही लिहिलं नाहीत. निदान तेवढं तरी ऐकलंत.

आज एक वर्ष झालं. सकाळी भटजी येऊन गेले. नातेवाईक जेवून गेले. आता भांडी घासून झालीत आणि बसलेय.

ती मुलगी आली होती. सांगत होती, तुम्ही कारखान्याला कुलूप लावलंय आणि खोकत बसलाय. मी तुम्हाला कुलूप लावायला सांगितलं नव्हतं. रात्री पडल्यापडल्या मी तुमच्याशी भांडते. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही लाकूड तासत असता, तुम्हाला काही वाटत नसतं, आणि मला चांगला राग येतो. कोपऱ्यात खोकणाऱ्या म्हाताऱ्यावर कसं रागवायचं? माझं मेलं भांडणच अडतं. कारखाना उघडा.

आणि डॉक्टरकडे जा. हे काळजीनं लिहीत नाहीये, गैरसमज नको. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कधी करणार नाही, जेवण्याइतक्या नेमानं मी तुम्हाला शिव्या देते. पण मधूनमधून पहाटे जाग येते आणि सेल आठवतात. तेव्हा मी उठते, तुमचं पाच जूनचं पत्र काढते आणि पुन्हा वाचते. 'विसरलो' या शब्दावर बोट ठेवते. मग झोप लागते.

तुम्ही गेलात तर मी कुणावर बोट ठेवू? नवरा पाण्यात गेला तेव्हा समुद्रावर रागावले, पण समुद्राला काय, तो काही कबूल करत नाही. तुम्ही कबूल केलंत. तेवढं एक तुम्ही माझ्यासाठी केलंत. आता शेवटपर्यंत निभवा. दर वर्षी याच तारखेला मला पत्र टाकायचं, जिवंत आहे एवढंच लिहायचं. आणि माझ्याआधी मरायचं नाही.

कुदो फुसाए